मुलाच्या हृदयाचा कागद मुलासोबत हवा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झाला. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी होते. योजना चांगलीच आहे. पण अंजूरच्या गोदामांत राबणारे कुटुंब खोली बदलते, मुलाची शाळा बदलते आणि तपासणीचा कागद मागेच राहतो.

जन्मजात दोष एका तपासणीत सापडू शकतो. रुमॅटिक तापाचे तसे नाही. तो बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या वयात येतो. घसा दुखून बरा होतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. आपण तेल चोळून मोकळे होतो, आणि तिकडे हृदयाची झडप खराब होत असते. मग दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे. खाडा पडला तर ताप उलटू शकतो.

विनाअनुदानित शाळा आणि मान्यता नसलेले मदरसे या तपासणीच्या यादीत बसत नाहीत. तिथल्या विश्वस्तांनी स्वतः आरोग्य केंद्रात जाऊन पथक मागावे. (जलशाच्या मंडपासाठी आपण किती खेटे घालतो!) आणि आयांनी तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावा, खोली बदलताना ती पिशवी कुणी विसरत नाही.