सीताफळापासून रक्तपेशीपर्यंत

पुण्याहून पौडमार्गे मुळशीच्या धरणावर सहलीला जाणारी मंडळी पुष्कळ. त्या पाण्याखाली गावे गेली आणि 1921 साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, हे जाणत्यांना ठाऊक असते. पण ते धरण बांधणाऱ्या टाटांच्या घराण्याचा रक्ताच्या कर्करोगाशी, म्हणजे ल्युकेमियाशी, काय संबंध आला, हे थोड्यांनाच माहीत असेल.

सर दोराबजी टाटा तेव्हा टाटांच्या उद्योगांचे प्रमुख होते. 1931 साली त्यांच्या पत्नी लेडी मेहरबाई ल्युकेमियाने वारल्या. पैसा होता, विलायतेतले डॉक्टर होते; पण रोग बरा करणारे औषध जगात कोठेच नव्हते! दोराबजींनी 1932 साली पत्नीच्या नावे निधी स्थापन केला, तो मुख्यतः याच रोगाच्या संशोधनासाठी. त्याच वर्षी तेही गेले. पुढे 1941 साली त्यांच्या ट्रस्टने मुंबईला परळमध्ये टाटा रुग्णालय उघडले. मुळशीकरांचे दुःख त्याने भरून निघाले, असे अर्थातच कोणी म्हणू नये.

या रुग्णालयातील प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. खानोलकर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 साली डॉक्टरेट मिळवली ती आपल्या पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजेच डॉ. कमल रणदिवे यांनी. जन्म 1917 चा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावे आणि नवराही डॉक्टरच करावा, अशी वडिलांची इच्छा. मुलीने दोन्ही ऐकले नाही! नवरा केला तो गणितज्ञ, आणि एम.एस्सी.चा अभ्यास केला तो सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशींचा. पेशी झाडाची असो की माणसाची, तिच्याकडे बारकाईने पाहण्याची सवय मात्र जन्मभर उपयोगी पडली.

अमेरिकेत जाऊन त्यांनी जॉर्ज गाय यांच्याकडे अनुभव घेतला, आणि शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. ज्या उंदरांना कर्करोग होतो त्यांच्यावर पाळत ठेवून ल्युकेमिया, स्तनाचा व अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या कारणांचा माग काढला. त्यांचे प्रसिद्ध झालेले निबंध दोनशेहून अधिक भरतात. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 2001 साली त्या वारल्या.

दोनशे हा आकडा ऐकून दिपून जायला नको. ‘मग कर्करोगावर औषध निघाले का?’ असा घरगुती प्रश्न येतोच, आणि तो रास्तही आहे. घरात आजारी मूल असेल तर दुसरे काय सुचणार? पण शास्त्रीय निबंध म्हणजे औषधाची बाटली नव्हे. मी काय केले, कसे केले आणि कोठे अडलो, याचा तो हिशेब असतो. पुढच्याने तेथून सुरुवात करावी म्हणून लिहिलेला.

बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी 1948 साली असाच हिशेब मांडला. ल्युकेमियाच्या 16 मुलांना त्यांनी नवे औषध दिले. 10 मुलांना उतार पडला, पण तोही थोड्या दिवसांचा. फार्बरनी ते लपवले नाही. ते औषध तयार करणाऱ्या कंपनीतील संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या तात्पुरत्या यशातूनच पुढचे उपचार वाढत गेले, आणि आज योग्य उपचार वेळेवर मिळाले तर ल्युकेमियाची पुष्कळ मुले पूर्ण बरी होतात.

आता मुंबईच्या आय.आय.टी. आणि टाटा रुग्णालयाने मिळून रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना रोगाशी लढण्यास शिकवणारा उपचार तयार केला आहे. ल्युकेमिया आणि लसिकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, या दोहोंतील काही प्रकारांवर तो चालतो. 2023 साली त्याला सरकारी मंजुरी मिळाली. 2025 साली त्याचा निबंध छापून आला. त्यातही गुणाबरोबर दुष्परिणाम नोंदलेले आहेत.

तेव्हा आपल्या घरातली मुलगी ‘मी संशोधन करणार’ म्हणाली, तर ‘त्यातून मिळणार काय?’ असे लगेच विचारू नका. कदाचित तिच्या हयातीत काहीच हाती लागणार नाही. पण तिने नीट लिहून ठेवले, तर ते कोणाच्या तरी लेकराच्या कामी येईल.