खिमट की खिमड?

आम्ही राहतो एव्हरशाईन सिटीत, म्हणजे वसईच्या पूर्वेला. आमच्या सौभाग्यवतींच्या शाळेतल्या एक बाई पश्चिमेकडच्या ख्रिस्ती वाडीतल्या. त्यांच्या लेकीच्या लग्नाचे आमंत्रण आले. मांडवात टेकतो न टेकतो तोच लाल लुगडे नेसलेल्या त्यांच्या सासूबाईंनी एक वाफाळता पेला माझ्या हाती दिला.

"घ्या, खिमड आहे."

मला ऐकू आले खिमट! तेच ते, तान्ह्या बाळांना भरवतात ते. म्हटले, बरे झाले, पोटाला हलके. पेला ओठाशी नेला मात्र, दालचिनी-लवंगेच्या आडून एक निराळाच वास डोकावला! मी तो झटकन खाली ठेवला. "आम्ही घेत नाही."

आजी काही बोलल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला, आणि सौ.चे कोपर माझ्या बरगडीला लागले.

खिमड हे वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन घरांतले लग्नकार्याचे पेय. (ईस्ट इंडियन हे नाव या मंडळींनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात घेतले, माणसे मात्र इथल्याच मातीतली.) पाण्यात साखर, मसाला, गवती चहा उकळायचा, वर दारू ओतायची आणि गरमगरम द्यायचे. आपल्या काढ्याचाच भाऊ म्हणा ना, जरा वाईट संगतीला लागलेला!

पण वाईट तरी कसे म्हणावे? सायप्रस बेटावर उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची 'कमांडरिया' शतकानुशतके मानाने मिरवते आहे. सार्डिनियात जेवण आटोपल्यावर पाहुण्यापुढे 'मिर्तो' ठेवतात. ते आपण प्रवासवर्णनांत कौतुकाने वाचतो. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या काजूफेणीलाही २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खिमडाला मात्र रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला यायलाही जमलेले नाही.

मी ओशाळून आजींपाशी जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, "पूर्वी यात घरी गाळलेलीच असायची. मग दारूबंदी आली, हंडे-भांडी लपवायची वेळ आली. आता दुकानातली रम घालतो. मसाला तेवढा सासूबाईंचा."

१९४९ चा तो मुंबईचा कायदा. पुढे तो सैल झाला, पण परवान्याची अट आजही कागदावर आहेच. मांडवातल्या कितीजणांच्या खिशात तो परवाना होता, हे मी विचारले नाही.

बोलता बोलता आजी उठल्या आणि आतून दुसरा पेला घेऊन आल्या. "हे रम घालायच्या आधीचे. तुमच्यासारख्यांसाठी दर लग्नात वेगळे काढून ठेवते. मघाशी देताना पातेले चुकले."

मी दोन पेले प्यालो. घसा असा काही मोकळा झाला की, पुढच्या आठवड्यात कृती विचारायला पुन्हा गेलो.

सौ.ने त्या दिवशी कोणत्या पातेल्यातले घेतले, हे तिने अद्याप सांगितलेले नाही.