खालून चौथा नंबर

आपल्याकडे पहिल्या नंबराचे कौतुक फार. पेढे वाटायचे ते पहिल्या नंबराचे, फोटो छापायचा तोही त्याचाच. काठावर पास झालेल्या चिरंजीवांचा निकाल मात्र पाहुणे गेल्यावर हळूच सांगायचा! परंतु इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये दरवर्षी हजारो माणसे देव पाण्यात घालून बसतात, ती खालून चौथा नंबर मिळावा म्हणून.

त्याचे कारण असे. तेथील प्रीमियर लीगमध्ये 20 संघ. प्रत्येकाचे 38 सामने. जिंकल्यास 3 गुण, बरोबरी झाल्यास 1. वर्षाअखेर तळाच्या तिघांची रवानगी खालच्या वर्गात. तेथे उत्पन्न घटते, चांगले खेळाडू दुसरे घर शोधू लागतात, आणि परत वर येण्याची हमी कोणी देत नाही. म्हणून 17वा तरला, 18वा बुडाला!

आता लेस्टर शहराची गोष्ट ऐका. हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. 1972 साली युगांडातून हाकलले गेलेले पुष्कळ भारतीय, त्यातही गुजराती, येथे येऊन वसले. येथल्या बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी भारताबाहेरच्या मोठ्या दिवाळ्यांत गणली जाते. ह्या शहराचा क्लब 2014 साली दहा वर्षांनी वरच्या वर्गात आला. सप्टेंबरात 1-3 असा मागे असताना त्याने मँचेस्टर युनायटेडला 5-3 ने लोळवले. लोक म्हणाले, वा! आणि तेथेच माशी शिंकली. पुढच्या 13 सामन्यांत एकही विजय नाही. नाताळात संघ तळाशी. आणि नाताळात तळाशी असलेला संघ सहसा वाचत नाही. एकूण 140 दिवस तो तळाशी होता. 29 सामने झाले तेव्हा गुण अवघे 19, आणि सुरक्षित जागा 7 गुण दूर.

उरले 9 सामने. 4 एप्रिल 2015 रोजी वेस्ट हॅमविरुद्ध सामना संपता संपता अँडी किंगने गोल केला आणि 2-1 असा विजय मिळाला. पुढच्या आठवड्यात वेस्ट ब्रॉमविरुद्ध मागे पडूनही जेमी वार्डीने शेवटच्या क्षणी सामना खेचून आणला. बर्नलीशी गाठ पडली तेव्हा तर प्रतिपक्षाला पेनल्टी मिळाली. ती खांबाला लागून वाया गेली, आणि मिनिटभरात वार्डीने दुसऱ्या टोकाला गोल केला! अशा रीतीने 9 पैकी 7 विजय, 1 बरोबरी, 1 पराभव. सुटकेवर शिक्कामोर्तब झाले ते 16 मे रोजी, सुंदरलंडशी झालेल्या 0-0 बरोबरीने. एकही गोल नाही, आणि तरी केवढा आनंद! अखेर 41 गुण आणि 14वा नंबर.

ज्या नायजेल पिअर्सन ह्यांनी नाव तीराला लावली, त्या व्यवस्थापकांना क्लबने 30 जून रोजी निरोप दिला. त्यांच्या जागी क्लाउडिओ रानिएरी आले. सट्टेवाल्यांनी लेस्टरच्या विजेतेपदाला पाच हजारास एक असा भाव लावला होता. मे 2016 मध्ये तोच क्लब, 1884 साली स्थापन झाल्यापासून प्रथमच, विजेता ठरला! काही मोहरे नवे आले होते हे खरे. पण श्मायकेल, मॉर्गन, वार्डी, माहरेझ ही मंडळी आदल्या वर्षी चिखलात रुतलेलीच होती.

जगाने 2016 लक्षात ठेवले. माझ्या मते खरी गोष्ट 2015 ची. त्या एप्रिलात संघ बुडाला असता, तर पुढच्या मेमध्ये तो अव्वल वर्गातच नसता. मग करंडक कुठला?

आणि असे यश दरवेळी येत नाही, हेही खरे. 28 मे 2023 रोजी ह्याच लेस्टरने शेवटचा सामना जिंकला. पण तिकडे एव्हर्टनही जिंकले, आणि लेस्टर 18वे ठरून खाली गेले. जिंकूनही बुडाले!

महिनाअखेर कोणाचे काही न अडवता घर चालवणारी गृहिणी अशीच 17वा नंबर राखत असते. तिला करंडक मिळत नाही. निदान ह्या दिवाळीत, वाचकहो, फराळाचे पहिले ताट तिच्यापुढे ठेवावे.