हिशेबाची वही : चोर सोडून संन्याशाला



गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळाचे चार कार्यकर्ते एका घरी डायनिंग टेबलाभोवती रोकड मोजत बसलो होतो. आरतीचे ताट, दानपेटी, जेवणाची कुपने आणि बटाटेवड्याचा स्टॉल असे सगळे मिळून 11,340 डॉलर भरले. तेवढ्यात आमच्यातलाच एकजण म्हणाला, "अहो, दहा हजारांच्या वर रोख भरली की बँक सरकारला फॉर्म पाठवते. कशाला ते लचांड? आज सहा हजार भरू, उरलेले परवा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. नशिबाने आमच्या खजिनदार काकू चहा घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "फॉर्म गेला तर काही होत नाही. तो जाऊ नये म्हणून पैसे तोडून भरले, तर मात्र गुन्हा होतो."

काकूंचे बरोबर होते. एका दिवसात 10,000 डॉलरपेक्षा जास्त रोकड आली की बँकेने सरकारला कळवायचे, हा इथला जुना नियम आहे. त्यात भरणाऱ्यावर कसलाही आरोप नसतो. पण ही नोंद टाळण्यासाठी रक्कम फोडणे हा 1986 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. पैसा अगदी घामाचा असला तरीही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची. आम्ही मुकाट्याने सगळी रोकड एकदम भरली आणि घरी आलो.

हा नियम कुणाला किती जाचला ते पाहा. 2013 साली आयोवा राज्यात फक्त रोखीने चालणाऱ्या एका लहानशा उपाहारगृहाचे खाते आयआरएसने जप्त केले. त्यात सुमारे 33,000 डॉलर होते. मालकीणबाई दहा हजारांच्या आतल्या रकमा वरचेवर भरत, एवढाच संशय. त्यांच्यावर कोणताही फौजदारी आरोप ठेवला गेला नाही, तरी पैसे परत मिळायला दीड वर्षाच्या वर गेले. 2017 साली सरकारच्याच तपासनिसांनी अशी प्रकरणे तपासली, तेव्हा दहातल्या नऊ प्रकरणांत पैसा कायदेशीर कमाईचा निघाला. ओरड झाल्यावर आयआरएसने 2014 साली धोरण बदलले आणि 2019 साली कायद्यातच सुधारणा झाली. बेकायदा कमाई नसेल तर आता अशी जप्ती होत नाही. हे चांगलेच झाले.

आता पारड्याची दुसरी बाजू.

डिसेंबर 2012 मध्ये एचएसबीसी या जगातल्या बलाढ्य बँकेने अमेरिकन सरकारशी करार केला. मेक्सिकोतील सिनालोआ टोळी आणि कोलंबियातील नॉर्ते देल व्हाये टोळी यांचे अमली पदार्थांच्या व्यापारातले किमान 88 कोटी 10 लाख डॉलर या बँकेतून धुऊन निघाले होते. मेक्सिकोतल्या शाखांत टोळ्यांची माणसे रोकड पेटीत भरून आणत. त्या पेट्या कॅशियरच्या खिडकीच्या मापाच्या बनवून घेतलेल्या होत्या! एवढे होऊनही 2006 ते 2009 या काळात बँकेच्या दप्तरी मेक्सिको हा सर्वांत कमी जोखमीच्या गटातला देश होता. तिथून आलेल्या 670 अब्ज डॉलरच्या व्यवहारांवर पुरेशी देखरेख झालीच नाही.

शिक्षा काय झाली? 1.92 अब्ज डॉलर भरायचे आणि पाच वर्षे नीट वागायचे. तोवर खटला पुढे ढकललेला. आकडा ऐकून छाती दडपते खरी. पण त्या वर्षीचा बँकेचा करपूर्व नफा सुमारे 20.6 अब्ज डॉलर होता. म्हणजे दंड झाला जेमतेम पाच आठवड्यांच्या कमाईचा. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बोनसपैकी काही भाग करार संपेपर्यंत थांबवून ठेवायचा, असेही ठरले. तुरुंगात मात्र कुणीही गेले नाही. डिसेंबर 2017 मध्ये मुदत संपली आणि आरोप रद्द झाले.

आमच्यासारख्या केमिस्ट मंडळींना हे अधिकच खुपते. अ‍ॅसेटिक अनहायड्राइड हेरॉइन बनवायला लागते, पोटॅशियम परमँगनेट कोकेन शुद्ध करायला. म्हणून 1988 च्या कायद्यापासून दोन्ही रसायने सरकारच्या यादीत आहेत, आणि ठराविक प्रमाणापुढे विकणाऱ्याला नोंद ठेवावी लागते. ते योग्यच आहे. पण पिंपाची नोंद काटेकोर आणि त्या पिंपातून झालेल्या कमाईकडे काणाडोळा, हा कुठला न्याय?

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. बँकेला दोषी ठरवले तर तिचा परवाना जाऊ शकतो आणि हजारो निरपराध माणसांच्या नोकऱ्या व ठेवी धोक्यात येतात. ही भीती खोटी नाही. आर्थर अँडरसन ही हिशेब तपासनिसांची मोठी कंपनी 2002 साली दोषी ठरली आणि बुडाली. 2005 साली सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, पण तोवर सगळे संपले होते. एचएसबीसीच्या वेळी ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी अमेरिकेला पत्र लिहून काळजी व्यक्त केली होती. न्यायखात्याच्या संबंधित विभागाने खटल्याची शिफारस केली होती आणि वरिष्ठांनी ती मानली नाही, हे 2016 च्या संसदीय अहवालातून बाहेर आले.

पण वाचकहो, बँक बंद करा असे कोण म्हणते? बँक ही इमारत आहे, सही माणूस करतो. मेक्सिकोला कमी जोखमीचा ठरवणारी माणसे होती, देखरेखीवर खर्च नको म्हणणारीही माणसेच होती. त्यांच्यातल्या ज्याचा गुन्हा सिद्ध होईल त्याला शिक्षा झाली, तर ठेवीदाराचा एक पैसाही बुडत नाही. उलट दंड भरला जातो तो भागधारकांच्या पैशातून, म्हणजे कदाचित तुमच्या-आमच्या पेन्शन फंडातून. ज्याने केले त्याच्या खिशाला तोशीस नाही.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. 2010 साली वाकोव्हिया बँक 16 कोटी डॉलर भरून सुटली होती, 2012 साली एचएसबीसी. ऑक्टोबर 2024 मध्ये टीडी बँकेची पाळी आली. देखरेखीचा खर्च वाढू द्यायचा नाही, या धोरणापायी तिथे सहा वर्षांत 18.3 ट्रिलियन डॉलरचे व्यवहार तपासणीविना गेले. एका टोळीने तर कर्मचाऱ्यांना 57,000 डॉलरहून अधिक किमतीची गिफ्ट कार्डे वाटून 47 कोटी डॉलरहून जास्त रक्कम धुऊन घेतली. या खेपेस बँकेने निदान गुन्हा कबूल केला, तीन अब्ज डॉलरहून जास्त दंड भरला आणि तिच्या अमेरिकेतल्या वाढीवर मर्यादाही आली. एवढी प्रगती मानू. पण त्या दिवशीच्या घोषणेत आरोपी म्हणून बड्या अधिकाऱ्यांपैकी एकाचेही नाव नव्हते.

आपल्यातले बरेचजण आता इथले नागरिक आहेत, मतदार आहेत. आपल्या प्रतिनिधीला एक पत्र लिहायला टपालाचे तिकीट तेवढे लागते. 'दंड किती' हे विचारू नका, 'सही कुणाची' हे विचारा.

आणि हो, दिवाळी कार्यक्रमाची रोकड असेल तेवढी एकदम भरली जाईल. फॉर्म गेला तर जाऊ दे. आपल्या वहीत लपवण्यासारखे काही नाही.