मांडीचा महिमा

मूल एकटं जन्माला येतं, हा एक गोड गैरसमज आहे. मूल पुढे येतं आणि त्याचं सामान मागाहून येतं, इतकंच. बारशापर्यंत हा पसारा झबली, टोपडी, दुपटी आणि आवाजाने व रंगाने तंतोतंत सारख्या अशा सात खुळखुळ्यांपुरता असतो. खरा पूर येतो तो बाळाला बाहेर न्यायचं ठरलं की! ज्या जिवाला अजून कुशीवर वळायची विद्या अवगत नाही, त्याच्या पुण्याहून जेजुरीपर्यंतच्या एका दिवसाच्या प्रवासासाठी माझ्या भाचीच्या घरी जी तयारी चालली होती ती पाहून मला वाटलं, खंडोबा बहुधा हिमालयात राहायला गेला असावा.

बाबागाडी. बाबागाडीला पावसाचं झाकण. झाकणाखाली मच्छरदाणी. दूध कोमट ठेवणारी पिशवी. बाटल्या उकळणारं विजेवरचं यंत्र. चौदा कप्प्यांची एक थैली, जिच्यात हवी असलेली वस्तू नेहमी पंधराव्या कप्प्यात असते. शिवाय बाळाच्या डोळ्यांसमोर टांगायची, बॅटरीवर गाणारी चार माकडं. हे सगळं डिकीत मावेना, तेव्हा जावईबापूंनी टपावर कॅरियर बसवण्याचा विचार बोलून दाखवला. मी सहज विचारलं, "आणि बाळ कुठे बसणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी वरणभातावर तूप कशाला असं विचारलं होतं.

"कुठे म्हणजे? आजीच्या मांडीवर!" ताई म्हणाली. पुढच्या सीटवर, म्हणजे बाळाला समोरचं सगळं दिसेल.

वाचकहो, माझं भांडण आहे ते या मांडीशी. पण आधी बाकीच्या सामानाचा न्याय करू, म्हणजे पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको.

बाबागाडीचा इतिहास मोठा राजेशाही आहे. इंग्लंडात १७३३ साली विल्यम केंट नावाच्या गृहस्थाने एका ड्यूकच्या मुलांसाठी गाडी बनवली, ती म्हणे शेळीने किंवा तट्टाने ओढायची होती. पुढे १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या इंजिनियर आजोबांनी छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी काढली. हे आजोबा लढाईच्या काळात स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेले. म्हणजे आज आपण जी घडीची बाबागाडी ढकलतो, तिचं घराणं लढाऊ विमानाचं आहे. आणि पुण्याच्या फुटपाथवर ती आणली की ते घराणं उपयोगी पडतं, कारण आपल्या फुटपाथवरून गाडी चालवता येत नाही, फक्त उडवता येते. दहा पावलं गेलं की विजेची पेटी. पेटी ओलांडली की वडापाव. वडापाव संपला की फुटपाथ संपला. मग गाडी उचलून रस्त्यावर घ्यायची. मागून येणारी दुचाकी हॉर्न वाजवते, बाळ दचकतं आणि आई त्याला कडेवर घेते. उरलेला सगळा वेळ बाबागाडीत पालेभाजी बसून येते. भाजीला मात्र ही सोय मानवते असं मी पाहिलं आहे.

तेव्हा घ्यायचीच तर हलकी घ्या, एका हाताने मिटणारी घ्या, आणि सोसायटीच्या आवारात, बागेत, विमानतळावर वापरा. जेजुरीच्या पायऱ्यांवर तिचा उपयोग एवढाच, की ती खाली ठेवून वर गेलात तर परत आल्यावर आपली जागा ओळखू येते.

पायऱ्यांना आणि बाजाराला खरी वस्तू झोळी. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेली बाई लुगड्याच्या झोळीत मूल घालून जन्मभर हिंडत आली. तिच्या झोळीला कुणी फॅशन म्हटलं नाही. आगगाडीत आजही दोन बर्थच्या साखळ्यांना साडी बांधून झोळी टांगणाऱ्या बाया दिसतात. रेल्वेला मात्र २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला बाळाचा घडीचा बर्थ प्रयोग म्हणून लावून बघावा लागला. तिकडे अमेरिकेत अ‍ॅन मूर नावाची परिचारिका सेवाकार्यासाठी आफ्रिकेतल्या टोगो देशात गेली, तिथल्या आयांच्या पाठीला बांधलेली पोरं तिने पाहिली, आणि मायदेशी परतून तसली पिशवी बनवली. तिचं पेटंट १९६९ चं. आता तीच पिशवी पट्टे, बकला आणि परदेशी नाव लावून आपल्याला विकत मिळते आणि आपण ती कौतुकाने घेतो. घ्या, हरकत नाही. फक्त बाळाचं तोंड आपल्याला सारखं दिसलं पाहिजे, नाक मोकळं हवं, हनुवटी छातीत रुतलेली नको, आणि पाय बेडकासारखे फाकलेले हवेत, लोंबते नकोत. एवढं पाळलं तर आईचे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि मोकळ्या हातांइतकी उपयोगी वस्तू अजून कुठल्याही दुकानात आलेली नाही.

झाला न्याय. आता मांडी.

मांडीविषयी मला नितांत आदर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. माझी स्वतःची मांडी आमच्या घराण्यात नावाजलेली आहे. मामा या नात्याने तीन भाचरांची जावळं याच मांडीवर उतरली, दोघांचे कान टोचले गेले, आणि त्या प्रसंगी त्यांनी आपली मतं माझ्या नव्या पायजम्यावर ओल्या स्वरूपात नोंदवली. बाळगुटीला मांडी हवी, निजवायला मांडी हवी, आणि आजीची असली तर प्रश्नच नाही. पण मांडीला तिच्या सवयीचा एक वेग आहे. ती घडली बैलगाडीसाठी. बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटर जाते. बैल अडला तर आजी जरा पुढे वाकते, बाळाला धरते, बैलाला दोन शब्द ऐकवते आणि प्रवास पुढे चालू होतो. टांग्यातही मांडी कशीबशी पुरली. आता मांडी तीच आहे, आजी तीच आहे, बदलला आहे तो वेग, आणि आपण मात्र त्याची खबर मांडीला दिलेली नाही.

थोडं गणित सोसा. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी मोटार कशावर तरी आपटून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला आपल्या वजनाच्या चौदापट जोराने पुढे जावंसं वाटतं. सात किलोचं बाळ त्या क्षणी सुमारे शंभर किलोचं होतं. ज्या ताईला तांदळाचं पाच किलोचं पोतं जिन्यावरून आणताना दोन ठिकाणी टेकावं लागतं, ती एक क्विंटल हातात धरणार! आणि तिने पट्टा लावला नसेल तर तीही पुढे जाणार, आपल्या साठ किलोंच्या चौदापट होऊन, मधे बाळ. हेच दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर तो धक्का तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बाळाला घेऊन उभं राहताना आपण कठड्यापासून दोन हात लांब उभे राहतो. मोटारीत मात्र कठड्यावरच बसवतो आणि म्हणतो, "बघ, केवढी मोठी गाय!"

शिवाय समोर एअरबॅग. ती पापणी लवायच्या आत फुगते, मोठ्या माणसाच्या छातीचा अंदाज घेऊन. तिथे मांडीवरचं बाळ असेल तर त्या पिशवीला काय ठाऊक की हा भाचीचा मुलगा आहे?

मी ताईला एवढंच विचारलं, की मागच्या दिवाळीत लाडवांचा डबा तुझ्या मांडीवर होता ना? होता. दोन्ही हातांनी धरला होता ना? होता. मग कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं तेव्हा तो गियरपाशी कसा गेला? नुसता ब्रेक लागला होता, कुठे आपटलो नव्हतो. ताई म्हणाली, "डब्याची गोष्ट वेगळी." वेगळी आहेच. डबा स्टीलचा होता.

आपण जीव लावून नेतो त्या वस्तूंकडे जरा बघा. नवा टीव्ही घरी आणताना खोका दोरीने बांधतो, दोन बाजूंना उशा लावतो. गणपती आणताना मूर्ती मांडीवर घेतो हे खरं, पण मग चालवणाऱ्याला सगळी मोटार मिळून ओरडते, "हळू रे, हळू!" आणि तो बैलगाडीच्या वेगाने येतो. बाळ असलं की तोच माणूस दिवेघाटात ट्रकच्या पुढे काढतो, कारण बाळाच्या दुधाची वेळ झालेली असते.

यावर जे आक्षेप येतात ते मला आता पाठ आहेत. पहिला, "आम्ही नाही का वाढलो?" वाढलात, आनंद आहे. पण जे वाढले नाहीत ते वाद घालायला येत नाहीत, त्यामुळे हा वाद तुम्ही नेहमी जिंकता. दुसरा, "तो मुळी सावकाश चालवतो." चालवत असेल, समोरून येणारा डंपर त्याचा शिष्य आहे का? तिसरा, "त्यात बसवलं की रडतं." रडू दे. न्हाऊ घालताना रडतं म्हणून आपण पारोसं ठेवत नाही, लस टोचताना रडतं म्हणून दवाखान्यातून परत आणत नाही. चौथा आक्षेप किमतीचा. तो बारशाला हॉल घेतलेल्यांनी काढू नये. ज्यांनी टपावर कॅरियर बसवायचं ठरवलं आहे त्यांनी तर मुळीच काढू नये.

खरा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही. बाबागाडी शेजाऱ्यांना दिसते. चार माकडं पाहुण्यांना दिसतात. मोटारीतली बाळाची खुर्ची कुणाला दिसत नाही, तिचं कौतुक होत नाही, आणि ती उपयोगी पडली तरी "पडली" हे एकदाच कळतं. म्हणून आपण बाळाला काळी तीट लावतो, मीठमोहऱ्या उतरवतो, लिंबू-मिरची पुढे टांगतो, आणि पट्टा लावत नाही. दृष्ट उतरते हो. पण न्यूटनला मिरच्यांचा ठसका लागत नाही.

कायदा नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांच्या आतलं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनाने बांधलेलं नसेल तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. दुचाकीसाठीही फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम झाला आणि वर्षाने, फेब्रुवारी २०२३ पासून, लागू झाला. चार वर्षांच्या आतल्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांच्या पुढे त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ४० च्या आत. नऊ महिन्यांच्या आतल्याला हेल्मेटच सांगितलेलं नाही. त्याचा अर्थ मोकळ्या डोक्याने न्या असा नसून नेऊच नका असा घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्यापेक्षा एसटी बरी, आगगाडी त्याहून बरी. पाच वर्षांच्या आत दोन्हीकडे तिकीटही पडत नाही.

या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली १६,७१५ पट्टा न लावलेली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते, पट्ट्याशिवाय. आठ दिवस सगळ्या देशाने मागचे पट्टे सीटच्या फटीतून उकरून काढले. नवव्या दिवशी ते परत फटीत गेले.

तेव्हा खुर्ची घ्यायची. घेताना रंग बघू नका, तिच्यावर युरोपातल्या आर-४४ किंवा आर-१२९ या चाचणीची चिठ्ठी आहे का ते बघा, आणि ती आपल्या मोटारीत घट्ट बसते का ते दुकानदारासमोर बसवून बघा. मागच्या सीटवर, आणि तान्ह्याचं तोंड मागच्या काचेकडे. याचं कारण साधं आहे. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या पाव हिश्शाइतकं असतं आणि मान देठासारखी. उलटं बसलं की धक्का पाठीवर, डोक्यावर सारखा वाटला जातो, सगळा मानेवर येत नाही. पट्टा खांद्यावर चिमटीत धरता येऊ नये इतका ताणलेला हवा, आणि जाड स्वेटर घालून पट्टा लावायचा नाही, कारण स्वेटर दबतो आणि पट्टा सैल होतो. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून बाळाला काढा, मोकळं करा. त्या खुर्चीचा घरात पाळणा करू नका, झोपेत मान पुढे पडते. आणि कुणाची जुनी फुकट मिळते म्हणून घेऊ नका. ती एकदा आपटलेली असेल तर वरून नवी दिसते आणि आतून संपलेली असते.

मांडी कुठे जात नाही. जावळाच्या वेळी ती लागेल. जेजुरीच्या पायथ्याशी उतरलं, की बाळाला खुर्चीतून काढा आणि खुशाल तिच्यावर द्या, ओल्या मतांसकट. फक्त मधल्या रस्त्यात त्या बिचारीवर एक क्विंटलचं ओझं टाकू नका. आजी आहे ती, हमाल नव्हे.