काळी माती, पांढरा कापूस आणि कॅमेऱ्याचा हट्ट

फोटोग्राफी नव्याने शिकणाऱ्याला तीन सल्ले हमखास मिळतात. चौकट नीट लावा, उजेड सांभाळा आणि मग थोडं एडिटिंग करा. सल्ले चुकीचे नाहीत. पण यवतमाळ जिल्ह्यात कॅमेरा हातात धरणाऱ्याला ते अपुरे पडतात, असं माझं मत आहे. कारण आपल्याकडे फोटो सुंदर आला का, यापेक्षा खरा आला का, हा प्रश्न मोठा आहे.

आधी उजेडाचं बघू. कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर कापूस आहे की कोळसा, हे कळत नाही. समोरचं सगळं सरासरीने मध्यम करडं असणार, असं धरून ते चालतं. त्यामुळे कापसाचा ढीग चौकटभर घेतला की तो मळकट दिसतो आणि नुसती काळी माती घेतली की ती राखेसारखी फिकी येते. आपला तर जिल्हाच या दोन रंगांचा! उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची सोय असते. कापसाला अधिक एक, मातीला उणे एक, इथून सुरुवात करा आणि बघत बघत कमीजास्त करा. बऱ्याच मोबाईलवर पडद्याला बोट लावून सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवलं की तेच काम होतं. मात्र पांढरं इतकंही वाढवू नका, की कापसाचे तंतूच दिसेनासे होतील. पुरतं पांढरं झालेलं नंतर परत आणता येत नाही.

एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात, असं म्हणाल. पण वेचणी करणाऱ्या बाईचा फोटो आठवून बघा. मागे पांढरं वावर, कमरेला कापसाने भरलेलं फडकं आणि चेहरा मात्र काळा ठिक्कर. मीटरने कापसाचा हिशोब केला आणि माणसाचा चेहरा खर्ची घातला! ते अधिक एक म्हणजे तिच्या चेहऱ्याचा हक्क आहे. ती कापसाच्या ढिगाजवळ असेल तर ढिगावरून परतणारा मऊ उजेड तिच्या तोंडावर येतो. फुकटचा रिफ्लेक्टर.

आता चौकट. चौकटीत काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं, हे शिकायला वेळ लागतो. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळात आपल्या जिल्ह्याचे फोटो देशभर छापून आले. त्यातली एक चौकट तर ठरूनच गेली. मातीची भिंत आणि नवऱ्याची तसबीर हातात धरून बसलेली बाई. तो फोटो खोटा नसतो, तिचं दुःख तर नाहीच नाही. पण तीच बाई दुसऱ्या दिवशी निंदायला जाते, बँकेच्या रांगेत उभी राहते, पोरीच्या शाळेची फी भरते. ते सगळं चौकटीबाहेर राहतं. लांबच्या माणसाला मग यवतमाळ म्हणजे एवढंच वाटतं. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांनाही तसंच वाटतं, हे मी ऐकून आहे!

दुसरी ठरलेली चौकट भेगाळलेल्या जमिनीची. भेगा दिसल्या की दुष्काळ, असं समीकरणच झालंय. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षातही एप्रिलमध्ये तिला भेगा पडतात. तो तिचा स्वभाव. पण ऑगस्टमध्ये हातभर पऱ्हाटीच्या मुळाशी भेग दिसली तर काळजाचा ठोका चुकावा. दोन्ही फोटो जवळपास सारखेच येतात. फरक फक्त महिन्याचा.

म्हणून एडिटिंगमध्ये मी फोटोखालची ओळही धरते. गाव, महिना, वर्ष एवढं लिहिलं तरी फोटो अर्धा खरा होतो. बाकी उजेड सावरा, वाकडं क्षितिज सरळ करा, कडेचा नको तो खांब कापा, काही हरकत नाही. पण भेगा गडद करणं, आभाळ बदलणं, कोमेजलेलं पीक हिरवं करणं हे नको. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले, त्याची चर्चा अजून होते. तिथे दगड सरकले होते. इथे कुणाच्या वर्षभराच्या कष्टांचा प्रश्न आहे.

नव्याने शिकणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. ताडोबाला जाऊन वाघाची वाट बघण्याआधी एक वावर निवडा. मालकाला विचारून धुऱ्यावरची एक जागा ठरवा आणि जूनच्या पेरणीपासून पऱ्हाट्या उपटेपर्यंत दर महिन्याला तिथूनच फोटो काढा. काळी माती, हिरवं रान, पिवळी फुलं, पांढरा कापूस, तुरीच्या ओळी, पुन्हा काळी माती. उजेडाचे सगळे धडे त्यात आहेत. आणि वर्षअखेरीस ते फोटो ओळीने मांडाल तेव्हा ते त्या शेतकऱ्यालाही दाखवा. त्याने "हो, असंच झालं होतं" म्हटलं, की समजा फोटो जमला.