२०७० साली विहीर कोणाची असेल?

गेल्या वर्षी एका कार्यशाळेत आम्हाला डोळे मिटायला सांगितलं. विषय होता हवामान बदल आणि आशा. "२०७० साल आहे. सगळं नीट झालं आहे. तुम्हाला काय दिसतं?" पाच मिनिटांनी एकेकानं सांगायला सुरुवात केली. नदी, मातीचं घर, अंगणात कडुलिंब, विहिरीचं गार पाणी, शेजाऱ्यांशी धान्याची देवाणघेवाण. बहुतेकांना गाव दिसलं होतं. माझी पाळी आली तेव्हा "अजून विचार करतेय" म्हणून मी वेळ मारून नेली. मला दिसत होतं ते सुपेल्यातलं आमचं पत्र्याचं छप्पर, आणि २०७० साली त्या छपराचं काय होणार ते काही केल्या दिसत नव्हतं.

सुट्टीत घरी गेल्यावर हे आजीला सांगितलं. ती ऐंशीच्या पुढची आहे, ऐकायला कमी येतं, पण हे तिनं नीट ऐकलं. म्हणाली, "विहिरीचं पानी म्हने. पर विहीर कोनाची?"

हवामानावर वाचलेल्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा या प्रश्नानं मला जास्त कामाला लावलं आहे.

आजोबा साकोली तालुक्यातले. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते नागपुरात दीक्षा घ्यायला गेले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. पुढच्या वर्षी गोंदियाहून गाडीत बसले आणि भिलाईला उतरले. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार होऊन पोलाद कारखान्याचं बांधकाम तेव्हा जोरात चालू होतं. आधी ठेकेदाराकडे माती वाहिली, मग कारखान्यात कायम झाले, कोक ओव्हनमध्ये. कोळसा भाजून त्याचा कोक करायचा ते हे खातं. भट्टीच्या माथ्यावर काम करताना पायात लाकडी तळाची पादत्राणं घालावी लागत, कारण साध्या चपलेचा तळ टिकत नसे. पण आजोबांनी उन्हाची किंवा भट्टीची तक्रार केल्याचं आजीला आठवत नाही. पगाराच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव होतं. सेक्टरमध्ये क्वार्टर होतं, मुलांना शाळा होती, आजारपणाला सेक्टर ९ चं हॉस्पिटल होतं. आणि नळ होता. त्या नळाखाली कोणाची घागर आधी लागायची हे जात ठरवत नव्हती, निदान उघडपणे तरी नाही.

म्हणून आमच्या घरात चिमणीचा धूर हे आशेचं चित्र होतं. पर्यावरणाच्या वर्गात हे वाक्य मी एकदा बोलून दाखवलं, तेव्हा समोरचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. शेतीचा खरा आजार तुकड्यांचा आकार नाही, तर जमिनीवर विसंबून असलेली जादा माणसं हा आहे, आणि त्यावरचा पक्का उपाय औद्योगिकीकरण आहे, असा त्यातला युक्तिवाद. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी गावाच्या गौरवाची जी चिरफाड केली ती आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. आजोबांनी यातलं काही वाचलं नव्हतं. त्यांनी गाडी पकडली. पण पर्यावरणाच्या नावानं "गावाकडे परत चला" असं कुणी सांगू लागलं की मला हे दोन्ही एकदम आठवतात.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला आणखी एक काळ यासाठी महत्त्वाचा आहे. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. जग युद्धात होतं. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीनं मेली, त्याच वर्षी दामोदरला मोठा पूर आला. त्या काळात हा माणूस दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांसाठी पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करणाऱ्या योजना पुढे नेत होता, आणि त्याच टेबलावर कामाचा दिवस आठ तासांवर आणण्याची फाइलही होती. पाण्याची योजना आणि कामगाराचे तास ही दोन वेगळी खाती आहेत असं त्यांना वाटलं नाही. धरणांनी पुढे ज्यांना उठवलं त्यांत आदिवासी फार मोठ्या संख्येनं होते हे मला माहीत आहे. त्याकडे मी येते.

आधी सावलीबद्दल. भिलाईत रेल्वे लाइनच्या एका बाजूला टाउनशिप आहे. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, क्वार्टरमागे आंबा नाहीतर पेरू. दुसऱ्या बाजूला जी. ई. रोडला लागून सुपेला. बाजार, गॅरेज, एकाला एक चिकटलेली घरं. आजोबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि फंडाच्या पैशातून सुपेल्यात दोन खोल्या झाल्या. बाबांना कायम नोकरी मिळाली नाही, ते आयुष्यभर ठेक्यावर आहेत. ऐंशीच्या दशकात या कारखान्यात साठ हजारांच्या आसपास कायम कामगार होते. आज उत्पादन वाढलं आहे, कायम कामगार कितीतरी कमी आहेत, आणि मधली जागा ठेका मजुरांनी भरली आहे. कायम भरतीत आरक्षण असतं. ठेकेदाराच्या हजेरी वहीत ते नसतं. म्हणजे एका पिढीत आम्ही लाइनच्या अलीकडून पलीकडे आलो, आणि झाडं पलीकडेच राहिली. मे महिन्यात रात्री अकरा वाजता आमच्या भिंतीला हात लावला तर ती गरमच असते. आजी अंथरुणाखाली ओलं पोतं टाकते.

२०२५ साली भारतातल्या उष्णतेच्या लाटा आणि जात यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षण आणि तापमानाच्या नोंदी एकत्र ठेवून संशोधकांनी पाहिलं की उघड्यावर, उन्हात कामाचे तास कोण जास्त काढतं. उत्तर आपल्याला माहीत होतंच. नवीन होतं ते हे, की शिक्षण आणि आर्थिक स्थिती हिशोबात धरूनही जातीचा फरक उरतोच. ऊन सगळ्यांवर सारखं पडतं हे वाक्य यापुढे कुणी ऐकवलं तर हा अभ्यास समोर ठेवा.

(छत्तीसगडमध्ये उन्हाळ्यात बोरे-बासी खातात, रात्रीचा भात पाण्यात भिजवून. मजुराचं जेवण. २०२२ च्या कामगार दिनी राज्य सरकारनं सगळ्यांना बासी खाण्याचं आवाहन केलं, आणि अधिकाऱ्यांचे कांस्याच्या थाळीसोबतचे फोटो दिवसभर फिरले. बाबा त्या दिवशीही तेच खाऊन गेले होते.)

आता हरित पोलादाबद्दल. एक टन पोलाद करताना भारतात सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. युरोपनं अशा पोलादावर सीमेवरच कार्बनचा भार लावायला सुरुवात केली आहे. आपल्या पोलाद मंत्रालयानं डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर तीन तारे, २ च्या खाली चार, १.६ च्या खाली पाच. हे व्हायला हवं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भिलाईत रेल्वेचे २६० मीटर लांबीचे रूळ तयार होतात. मोटारी कमी करून गाड्या वाढवायच्या तर रूळ लागणार, पवनचक्कीचा खांबही पोलादाचाच. पण ताऱ्यांच्या त्या हिशोबात फक्त कार्बन आहे. ते पोलाद किती ठेका मजुरांनी केलं, किती जण भाजले, यावर तारा मिळत नाही आणि जातही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये इथल्या कोक ओव्हनच्या गॅस पाइपलाइनचा स्फोट झाला आणि दहाहून जास्त माणसं गेली. असा कारखाना उद्या पाच तारे लावू शकतो, नियमात बसून.

जागतिक परिषदांमध्ये सध्या 'न्याय्य संक्रमण' हा शब्द फार चालतो. कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाताना कामगार मागे पडू नयेत, असा त्याचा अर्थ. हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. याच कारखान्याच्या दल्ली-राजहराच्या लोहखाणीत हे भांडण १९७० च्या दशकाच्या शेवटी झालेलं आहे. व्यवस्थापनाला खाणी यांत्रिक करायच्या होत्या. तिकडे बैलाडिल्यात १९७८ साली यंत्रं आली, हजारो मजुरांची कपात झाली आणि गोळीबारही झाला. दल्लीत हातानं दगड फोडणाऱ्यांत आदिवासी बायका मोठ्या संख्येनं होत्या, आणि यंत्र आलं की पहिली गदा त्यांच्यावर येणार हे त्यांना कळत होतं. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखालच्या युनियननं नुसता 'यंत्र नको' असा नारा दिला नाही. अर्धयांत्रिकीकरणाचा स्वतःचा आराखडा मांडला. कोणतं काम यंत्रानं, कोणतं हातानं, आणि खर्च किती, असा हिशोब करून. अनेक वर्षं ती कपात त्यांनी रोखून धरली. दरम्यान १९७७ च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या अकरा जणांच्या नावानं मजुरांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून आणि मेहनतीतून शहीद हॉस्पिटल उभं केलं. ते आजही चालू आहे. त्या चळवळीत जातीविषयी किती बोललं गेलं यावर माझे आक्षेप आहेत, तो वेगळा लेख होईल. पण तंत्रज्ञान बदलताना मजूर स्वतः आराखडा मांडू शकतात, हे आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर घडलेलं आहे.

त्याची किंमतही इथेच मोजली गेली. भिलाईतल्या ठेका मजुरांचा प्रश्न हाती घेतल्यावर २८ सप्टेंबर १९९१ ला नियोगींचा खून झाला. १ जुलै १९९२ ला पॉवर हाऊस स्टेशनवर रूळांवर बसलेल्या मजुरांवर गोळीबार झाला, सोळा जण मेले.

आता मघाशी पुढे ढकललेला प्रश्न. आजोबांच्या पगाराच्या चिठ्ठीमागे दल्लीचं लोखंड होतं, आणि दल्लीचं संपत आल्यावर आता रावघाटचं आहे. तिथली जमीन, जंगल आणि देव गोंडांचे आहेत. कोळशासाठी हसदेवचं जंगल तोडलं जातं, आणि तिथल्या गावांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये रायपूरपर्यंत तीनशे किलोमीटर पायी चालत येऊन नकार सांगितला. गडचिरोलीत सुरजागड आणि कोनसरीला हाच प्रश्न मराठीत विचारला जातो आहे. आमची गावातून सुटका झाली ती त्यांच्या डोंगरावर पाय ठेवून, हे मान्य केल्याशिवाय बहुजन हा शब्द मला उच्चारता येत नाही. 'आम्हाला कारखाना हवा, त्यांना जंगल हवं' अशी मांडणी करून दोघांना समोरासमोर उभं करणं मात्र कंपन्यांच्या सोयीचं आहे. आजोबांना भट्टी नको होती. त्यांना चिठ्ठी, नळ आणि शाळा हवी होती. त्या तीन गोष्टी भट्टीशिवाय मिळत असतील तर आमच्या घरातलं कुणीही धुरासाठी रडणार नाही.

मिळतील का, हा प्रश्न मरोद्याला जाऊन विचारावा लागेल. कारखान्याच्या मरोदा-१ जलाशयावर तरंगत्या सौर पॅनलचा प्रकल्प हाती घेतला आहे, १५ मेगावॅटचा. चांगली गोष्ट. माझा मावसभाऊ आयटीआय करून सौर तंत्रज्ञाचा कोर्स करतो आहे. त्यानं आत्तापर्यंत दोन ठिकाणी काम केलं, दोन्हीकडे ठेक्यावर, दोन्हीकडे मुख्यतः पॅनल पुसण्याचं. उन्हात, कारण पॅनल उन्हातच असतात. आजोबांची पहिली हजेरी ठेकेदाराकडे लागली होती, पण तीन वर्षांत ते कायम झाले. मावसभावाच्या कामात 'कायम' नावाचं दारच नाही, कारण सौर कंपन्या खासगी आहेत आणि आरक्षण तिथे पोचत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण आता धोरण-संस्थांत, एनजीओंत, विद्यापीठांत आहात. आपल्या घरातले आपण पहिलेच, ज्यांच्या हातात असे अहवाल येतात. उष्णता कृती आराखडा आला तर त्यात ठेका मजुराची दुपारची सुट्टी पगारी आहे का ते बघा. सौर प्रकल्पाच्या कागदांत किती कायम पदं आहेत आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींची किती, हे माहिती अधिकारात विचारा. कार्यशाळेत डोळे मिटायला सांगितलं तर मिटू नका.

यंदा आजीला मी तोच प्रश्न विचारला. २०७० साली मी त्र्याहत्तर वर्षांची असेन, तेव्हा सुपेला कसा असावा? तिला २०७० सांगता सांगता माझी दमछाक झाली. शेवटी म्हणाली, "नळाले दुपारी पन पानी याले पाहिजे. छतावर पत्रा नको. रोडवर झाडं, तिकडं सेक्टरात हायेत तशी." मग थोडा वेळ गप्प बसली आणि मावसभावाचं नाव घेऊन म्हणाली, "अन् त्याले परमनंट करून टाका म्हना."